याकूबच्या रांगेतली शेवटची

रोह्याजवळच्या अष्टमीत माझ्या आणि जैतूनच्या खोलीत मिळून एकच भिंत आहे. भिंत तरी कसली, पलीकडे वाटीत चमचा पडला तरी इकडे मला तिचं जेवण सुरू झाल्याचं कळतं. तीस वर्षं मी या भिंतीशेजारी राहिले आणि तरी मला त्या बाईबद्दल काडीची माहिती नव्हती. शाळेत मुलांना 'निरीक्षण करा, निरीक्षण करा' म्हणून घसा फोडणारी मी, आणि माझं निरीक्षण हे असं.

जैतून पोह्यांच्या गिरणीत चाळणीवर होती. रोज दिवेलागणीला घरी यायची, हातपाय धुवायची आणि मग भिंतीपलीकडून आवाज सुरू व्हायचा. दोनदा टाच आपटल्याचा, मग पाऊल घासल्याचा. धप, धप, घस. मग काहीच नाही. मग पुन्हा धप, धप, घस. दहा-पंधरा मिनिटं हे चालायचं. १९७९ साली मी इथे राहायला आले तेव्हा मला वाटलं, बाई मसाला कुटते. समोर तपासायच्या वह्यांचा ढीग, डोकं आधीच उठलेलं. एक दिवस लाटणं घेऊन मी भिंतीवर चांगलं तीन-चारदा ठोकलं. आवाज थांबला. पुढे आठ महिने आला नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ती दिसायला इथल्या कुणासारखीच नव्हती. रंग गडद, केस बारीक कुरळे, उंची आमच्या शाळेच्या शिपायाहून चार बोटं जास्त. भाषा मात्र खाडीकडच्या बायकांची. बाजारात ती वांग्यांचा भाव करू लागली की परगावचा माणूस वळून बघायचा, आणि मग बघतच राहायचा. ती आपला भाव करत राहायची. ती सिद्दी, मुरूडकडची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि एवढ्यावरच सगळ्यांचं भागत होतं. लग्न झालं नाही. इथल्या मुसलमान घरांतून कुणी विचारलं नाही, आणि तिच्या जातीचे जे होते ते कुणी मुंबईला, कुणी आणखी कुठे पांगले. ईदला तिच्याकडे कुणी येत नसे. तीच वाटीभर शीरखुर्मा मला आणून द्यायची आणि दारातून परत जायची. मी तिला 'आत ये' कधी म्हटलं नाही.

एकदा मीच तिच्या दारात गेले, तेही कामाने. शाळेच्या संमेलनात त्या वर्षी देशोदेशींचे नाच ठेवले होते आणि माझ्या वर्गाच्या वाट्याला आफ्रिका आली. मी मुलांच्या तोंडाला काजळ फासलं, कमरेला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या आणि 'हू हू' करत उड्या मारायला शिकवलं. काहीतरी कमी पडतंय असं वाटत होतं, म्हणून जैतूनला म्हटलं, तू मूळची आफ्रिकेची ना, जरा येऊन दाखव. ती म्हणाली, "बाई, मी मुरूडची." तरी आली. मुलांकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. एका मुलीच्या डोळ्यात काजळ गेलं होतं, ते पदराने पुसलं. सुटलेल्या डहाळ्या नीट बांधून दिल्या आणि गेली. संमेलनाच्या अहवालात मी लिहिलं, 'स्थानिकांचे सहकार्य लाभले.' आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा आमच्या नाचाला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

मग २०१०च्या नोव्हेंबरात शांती आली.

ही शांती पेणची, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना असलेल्या घरातली मुलगी. वय बत्तीस. बंगलोरला राहून आधुनिक नाच शिकली होती आणि सहा महिने टांझानियात राहून तिकडचे नाचही शिकून आली होती. घरचे लोक कपाळाला हात लावून बसले होते. आफ्रिकेतल्या एका म्हाताऱ्या वादकाने तिला म्हणे विचारलं, तुमच्या किनाऱ्यावर आमची माणसं गेली होती, त्यांच्या नाचाचं पुढे काय झालं? आपण समुद्र ओलांडून इतक्या लांब आलो आणि घराशेजारचं बघितलं नाही, हे तिला लागलं. ते शोधत ती मुरूडला गेली, तिथून कुणीतरी तिला रोह्याला धाडलं, आणि अष्टमीत कुणाचाही पत्ता विचारला की लोक बाईंकडे म्हणजे माझ्याकडे पाठवतात.

शांतीने जे केलं ते मी तीस वर्षांत केलं नव्हतं. ती जैतूनसमोर जमिनीवर बसली आणि तिला तिच्याबद्दल विचारलं. मी दारात उभी होते. जैतूनने मला हाताने खूण केली, या, बसा. तेव्हा मी पहिल्यांदा त्या खोलीत बसले.

तिने सांगितलं ते असं. तिचे वडील याकूब मुरूडला संस्थानाच्या पागेत होते. वर्षातून एकदा उरुसाला त्यांचा नाच व्हायचा. सगळ्यांत पुढे ढोलवाला. ढोल एक सवाल टाकायचा आणि नाचणारे टाचांनी त्याचा जाब द्यायचे. जाब आल्याशिवाय ढोल पुढे जायचा नाही. याकूब ढोलवाला होता. संस्थान विलीन झालं, दोन वर्षांत पाग मोडली, बायको बाळंतपणात गेलेलीच होती. चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन तो वडखळच्या पुढे खाडीकाठच्या मिठागरात कामाला लागला. ढोल येताना विकला.

मिठागरात पाऊस संपला की वाफ्यांची जमीन तुडवून घट्ट करावी लागते. एकामागे एक उभं राहायचं आणि वाफ्यात फेर धरून चिखल तुडवायचा, पार फरशीसारखा होईपर्यंत. कंटाळ्याचं काम. याकूबने त्या आगरी बायाबाप्यांच्या रांगेला आपल्या नाचाची पावलं शिकवली. काम लवकर उरकू लागलं म्हणून मालकही काही बोलला नाही. पुढे याकूब, मागे दहा-बारा माणसं आणि सगळ्यांत शेवटी पाच-सहा वर्षांची जैतून.

"धप, धप, घस, हा आमचा जाब," जैतून म्हणाली. "त्याच्या आदी अब्बाचा सवाल."

शांतीने विचारलं, सवाल कसा होता?

जैतूनने बसल्या जागी टाच जमिनीवर टेकवली. मग म्हणाली, "त्योच मी इसरले."

ती अकरा वर्षांची असताना तिचे वडील तापाने गेले. मिठागराजवळच्या कबरस्तानात पुरले. तिला गिरणीमालकाच्या घरी रोह्याला कामाला आणून सोडलं. सुरुवातीला ती रोज घोकायची, पण तिला फक्त आपला जाब आठवायचा. सवालाच्या जागी नुसती मोकळी जागा. ढोल तर तिथे नव्हता, मग अब्बा काय वाजवायचे? काही तोंडाने म्हणायचे? टाळी? तेव्हापासून ती रोज संध्याकाळी जाब द्यायची आणि थांबायची. कधीतरी त्या थांबण्यात अब्बाचा सवाल आपोआप आठवेल म्हणून. मी लाटण्याने ठोकलं ते त्यावर.

एसटीने वडखळ दीड तासावर. ती त्रेपन्न वर्षांत त्या बाजूला एकदाही गेली नव्हती. सवाल विसरलेल्या मुलीने बापाच्या कबरीवर कुठल्या तोंडाने जायचं, असं तिचं म्हणणं. मला तिचा राग आला. अगं, अकरा वर्षांची पोर होतीस, कोण तुला जाब विचारतंय, असं मी बोललेही. पण तिने मान हलवली. तिच्या मनात ते इतकं पक्कं बसलं होतं की माझं बोलणं शिरायला जागाच नव्हती.

शांतीला पेणला फेब्रुवारीत कार्यक्रम करायचा होता. तिचे पाच नाचणारे, ती स्वतः, आणि शेवटी जैतून. तिने आपल्या संगणकावर आफ्रिकेतल्या ढोलांचे कितीतरी ठेके ऐकवले, यातला एखादा असेल का म्हणून. जैतून डोळे मिटून ऐकायची. प्रत्येक ठेका संपला की शांतीला वाईट वाटू नये अशा हळू आवाजात म्हणायची, "ह्यो नाय." पंधरा दिवस हे चाललं. शेवटी शांती म्हणाली, मावशी, आपण जुन्यावर नवीन रचतोय, मी एक सवाल बसवते. मला ते पटलं. जैतूनला पटलं नाही.

"खोटा सवाल घालून नाचले, तर खरा यायला जागाच नाय रायची," ती म्हणाली. खरा मिळाला तरच ती रंगमंचावर उभी राहणार होती. चौसष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे, आणि हा हट्ट.

तेव्हा मला सुचलं, आणि एवढं एकच काय ते श्रेय मी घेते. म्हटलं, रांगेत आणखी माणसं होती ना? त्यांच्यातलं कुणी असेल. जैतूनचा चेहरा उतरला. कारण तसं कुणी भेटलं आणि त्यांनाही आठवत नसलं, तर मग संपलंच. आत्तापर्यंत तो सवाल निदान कुठेतरी होता.

शांतीच्या गाडीतून आम्ही वडखळला गेलो. मिठागर राहिलंच नव्हतं. बांध फुटून खारं पाणी आत आलं होतं आणि वाफ्यांच्या जागी तिवरांची झाडी माजली होती. जैतून गाडीतून उतरली नाही. नाक्यावर चौकशी करता करता एका चहावाल्याने सांगितलं, माझी आई सांगायची त्या सिद्द्याचं, तिच्याबरोबर मिठागरात असलेली ठमाबाई शेजारच्या गडब गावी आहे, जिवंत आहे.

ठमाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. पंचाहत्तरीची, पाय सुजलेले, नजर मात्र शाबूत. तिने आधी जैतूनच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं.

"याकूबची पोर," ती म्हणाली. "ये गो. बस."

दोघी जवळजवळ बसल्या. ठमाबाईने वालांची पाटी दोघींच्या मध्ये सरकवली आणि जैतूनही सोलायला लागली. मी आणि शांती पायरीवर. मला आतून इतकं अस्वस्थ वाटत होतं की ओरडून विचारावंसं वाटलं. अर्धी पाटी झाली तेव्हा कुठे जैतूनने विचारलं, अब्बा सवाल कसा द्यायचे.

ठमाबाईला कळलं नाही. कसला सवाल, म्हणाली. मग जैतून उठली आणि तिने अंगणात ती पावलं टाकून दाखवली. धप, धप, घस. थांबली. आणि पुढच्या वेळी तिने पाय टाकला, बरोबर त्याच क्षणी ओटीवर बसल्या बसल्या ठमाबाईचा सुजलेला पाय हलला. धप, धप, घस. तिला स्वतःलाही ते समजलं नसावं. आपल्या जाबाला जोडीने दुसरा जाब जैतूनने अकराव्या वर्षानंतर पहिल्यांदा ऐकला.

"हा थांबतो ना आपण मदी," तिने विचारलं, "तिथं काय व्हता? अब्बा काय वाजवायचे?"

"काय नाय वाजवायचा," ठमाबाई म्हणाली. "मागं वलून बघायचा."

"कोणाला?"

"तुला गो. तू रांगेत शेवटाला. एवढीशी व्हतीस, चिखलात रुतायचीस. तो फुडं चालायचा आन् थांबून मागं वलायचा. तू पाय टाकलास का आमी टाकायचो, मंगच तो तोंड फिरवून फुडं जायचा. तू नाय टाकलास तर अख्खी रांग उभी. आमी हसायचो त्याला."

जैतूनने विचारलं, "मला कसं नाय दिसला?"

"तू खाली बघायचीस ना. शिंपल्या लागतात म्हणून त्यानंच सांगितला व्हता, नजर पायाशी ठेव."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. शांती तोंड दुसरीकडे करून रडत होती, मीही रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. जैतून रडली नाही. तिने एकच शब्द विचारला, "रोज?"

"दर फेराला," ठमाबाई म्हणाली.

जैतून पुन्हा ओटीवर बसली आणि राहिलेले वाल सगळे सोलून मगच उठली. परतताना नागोठण्याला ती मला म्हणाली, मी इतकी वर्षं कानांनी शोधत होते, बाई. पुढच्या शुक्रवारी ती एकटीच एसटीने वडखळला कबरीवर गेली. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाली.

कार्यक्रम पेणच्या एका सभागृहात झाला. शांतीने सगळे ठेके काढून टाकले होते, ढोल नाही, काही नाही. तिकिटं विकत घेऊन आलेले लोक सुरुवातीला चुळबुळत होते, आणि शांतीचे वडील तर पहिल्या रांगेत बसून आपल्याला कुणी ओळखणार नाही अशा बेताने मान खाली घालून होते. मी ठमाबाईला घेऊन तिसऱ्या रांगेत. रंगमंचावर मिठासारखी पांढरी वाळू पसरलेली. शांती पुढे, मग ती पाच तरुण मुलं-मुली, आणि शेवटी जैतून. निळं पातळ, अनवाणी, नजर पायाशी.

मधल्या मधल्या पावलांत शांतीने आपलं पुष्कळ काही घातलं होतं, टांझानियातलं, बंगलोरचं. खांदे असे हलायचे, अंग जमिनीपर्यंत झुकायचं. मला त्यातलं कळलं तेवढं कळलं. पण फेर पुरा झाला की सगळं थांबायचं आणि शांती मागे वळून बघायची, मधले पाचही वळून बघायचे. जैतून खाली बघत पाय टाकायची. धप, धप, घस. तिच्याबरोबर सगळ्यांची पावलं पडायची, शांती तोंड फिरवायची आणि रांग पुढे जायची. दोन फेर असे झाले.

तिसऱ्या फेराला शांती थांबली, वळली. मधले पाच वळले. आणि जैतूनने मान वर केली.

तालमीत तिने हे कधीच केलं नव्हतं. ती सरळ पुढे बघत होती, रांगेच्या पार त्या टोकाला. उजवा पाय किंचित उचललेला. तिने तो टाकला नाही.

शांतीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिला हलता येत नव्हतं, कारण नियमच तो होता. मधल्या एका मुलाचा पाय थरथरायला लागला. कुणीतरी खोकलं. मागे एक मोबाइल वाजून बंद झाला. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच असणार. मला आधी वाटलं, बाई पावलं विसरली. मग तिचा चेहरा बघितला आणि समजलं. जोवर ती पाय टाकत नव्हती, तोवर तिच्या अब्बाला तोंड फिरवता येणार नव्हतं.

शेजारी ठमाबाईने पाटीतला वाल सोलताना बोलावं तसं हळूच म्हटलं, "टाक गो आता. दमला असंल तो."

तिसऱ्या रांगेतलं ते बोलणं रंगमंचावर पोचलं असेल असं मला वाटत नाही. पण जैतूनने पाय टाकला. धप, धप, घस. शांतीने मान फिरवली आणि रांग पुढे गेली.

कार्यक्रमानंतर टाळ्या झाल्या, फोटो झाले. शांतीने तोच प्रयोग पुढे मुंबईत केला, दिल्लीत केला. जैतूनला बोलावलं होतं, ती गेली नाही. तिच्या जागी आता शांती एक लहान मुलगी ठेवते असं ऐकलं. जैतून गिरणीत जाते, पोहे चाळते. दारातून परत जात नाही आता, माझ्याकडे चहा पिऊन जाते, पण बोलणं फारसं होत नाही आमचं.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून आवाज येतो. धप, धप, घस. मग थांबते. पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ थांबते. मी हातातलं काम तसंच ठेवते आणि इकडे बसून राहते, पलीकडे टाच पडेपर्यंत.